एक्सेलच्या प्रमाणपत्र परीक्षेत आधी नापास, मग पास : मधले सहा आठवडे

निळीशाई :

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. अकरा वर्षं मी ऑफिसात हिशेबाच्या शीट सांभाळते. दिवसाचे सहा-सात तास एक्सेल समोर असतं. त्यामुळे मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्ट, म्हणजे सगळे ज्याला एमओएस म्हणतात ते प्रमाणपत्र घ्यायचं ठरवलं, तेव्हा वेगळा अभ्यास करावा असं वाटलंच नाही. पेपर एमओ-२००, असोसिएट पातळीचा. याच्या वर एक्स्पर्टची पातळी असते. पास व्हायला १००० पैकी ७०० लागतात. मला ६५२ मिळाले.

निकाल तिथल्या तिथे स्क्रीनवर येतो. त्या दिवशी घरी जाऊन कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. रात्री गुणपत्रक नीट वाचलं. त्यात प्रत्येक भागाची टक्केवारी वेगळी दिलेली असते. सूत्रं, म्हणजे फॉर्म्युले, बरे गेले होते. टेबल आणि वर्कबुकची मांडणी या दोन भागांत मी सपाटून आपटले होते. जे मी रोज करते असं मला वाटत होतं, नेमकं तेच.

टेबलचंच सांगते, कारण माझे डोळे तिथे उघडले. इतकी वर्षं मी वरची ओळ पिवळी करायची, बाकीच्यांना चौकटी काढायची, एकाआड एक ओळ हाताने राखाडी रंगवायची आणि त्याला टेबल म्हणायची. एक्सेलच्या लेखी ते टेबल नव्हतंच, रंगवलेले रकाने होते फक्त. खरं टेबल करायचं तर माहितीत कुठेही एका सेलवर उभं राहून कंट्रोल-टी दाबायचं. मग खाली नवी नोंद टाकली की टेबल आपोआप ती पोटात घेतं. शेजारच्या रकान्यातलं सूत्र त्या ओळीत उतरतं, पट्टे पुढे सरकतात, त्यावर काढलेला आलेखही वाढतो. टेबलला नाव देता येतं आणि सूत्रात सी-२ ते सी-४१३ असं लिहिण्याऐवजी टेबलचं आणि रकान्याचं नाव लिहिता येतं. सहा महिन्यांनी ते सूत्र उघडलं तरी कशाची बेरीज आहे ते वाचून कळतं.

दर महिन्याला नव्या नोंदी टाकल्यावर मी बेरजेच्या सूत्रातला शेवटचा आकडा हाताने बदलत आले होते. अकरा वर्षं, दर महिन्याला. एकदा विसरले होते आणि शेवटच्या चार नोंदी बेरजेतून राहून गेल्या होत्या. ती चूक वरिष्ठांना दिसली आणि मी माफी मागितली. ती निष्काळजीपणाची चूक आहे असं तेव्हा वाटलं होतं. आता कळतं की काम करायची पद्धतच अशी होती की ती चूक कधी ना कधी होणारच.

सहा आठवडे रोज सकाळी पाऊण तास बसले आणि दुसऱ्यांदा ८४७ मिळाले. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहिते आहे.

कागदीहोडी :

अभिनंदन! मनापासून लिहिलंय. एक शंका आहे. ही परीक्षा पर्याय निवडायची असते का? 'खालीलपैकी योग्य बटण कोणतं' अशी?

निळीशाई :

धन्यवाद. नाही, आणि तोच तिचा मोठा गुण आहे. प्रत्यक्ष एक्सेल उघडतं, त्यात एक छोटी फाइल असते आणि स्क्रीनच्या खालच्या भागात कामं लिहिलेली असतात. अमुक शीटवर वरची ओळ गोठवा, म्हणजे फ्रीज करा. अमुक रकान्यात पहिली तीन अक्षरं काढून घ्या. आलेखाला पर्यायी मजकूर द्या. एक फाइल झाली की ती जमा करायची, मग दुसरी. सगळं मिळून ५० मिनिटं.

तुम्ही ते काम कोणत्या वाटेने केलंत हे पाहत नाहीत, शेवटी फाइलमध्ये काय उरलं ते पाहतात. रिबनवरून, म्हणजे वरच्या बटणांच्या पट्टीवरून करा, उजवं क्लिक करून करा, कीबोर्डने करा. याचा दुसरा अर्थ असा, की दिसायला बरोबर पण आतून वेगळं असेल तर गुण नाहीत. हाताने टाइप केलेली बेरीज आकड्याने बरोबर असली तरी सेलमध्ये सूत्र नाही, म्हणजे काम झालंच नाही.

दोन गोष्टी खास सांगते, कारण दोन्हींनी माझे गुण खाल्ले. शीटला किंवा टेबलला नाव द्या असं असेल तर ते नाव टाइप करू नका. प्रश्नात त्या शब्दांखाली रेघ असते, त्यावर क्लिक केलं की ते कॉपी होतं, मग चिकटवायचं. मी टाइप केलं होतं आणि एका ठिकाणी शब्दाच्या शेवटी स्पेस राहिली असावी असा मला दाट संशय आहे. दुसरं, 'रीस्टार्ट प्रोजेक्ट' हे बटण. एक काम बिघडलं म्हणून ते दाबलं तर त्या फाइलमधली सगळी कामं पुसली जातात आणि घड्याळ मात्र पुढेच चालू राहतं. एक काम मागे घ्यायचं तर साधं कंट्रोल-झेड पुरतं. पहिल्या वेळी घाबरून मी ते बटण दाबलं आणि पाच झालेली कामं पुन्हा करत बसले.

अडलं तर त्या कामावर खूण करून पुढे जायचं. शेवटी वेळ उरला तर खुणेच्या कामांकडे परत येता येतं.

जुनाटंकलेखक :

वाचून फार बरं वाटलं. मी या परीक्षांकडे पुष्कळ आधी वळलो. ही परीक्षा १९९७ सालची, तेव्हा तिच्या नावात 'यूजर' हा शब्दही होता, मायक्रोसॉफ्ट ऑफिस यूजर स्पेशालिस्ट. माझं प्रमाणपत्र एक्सेल २००३ चं. तेव्हा एका शीटमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ रकाने असायचे. २००७ मध्ये ते १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने झाले, आणि सगळे मेनू जाऊन रिबन आली. पाठ झालेली प्रत्येक वाट त्या वर्षी पुन्हा शोधावी लागली.

मात्र समजून केलेलं काहीच वाया गेलं नाही. सूत्र खाली ओढताना सेलचा पत्ता का सरकतो आणि डॉलरचं चिन्ह लावल्यावर का थांबतो, हे ज्याला एकदा उमगलं त्याला रिबन काय आणि मेनू काय. माझ्या शेजारी बसणारे एक सहकारी प्रत्येक ओळीत सूत्र नव्याने टाइप करायचे. त्यांना एफ-४ ची कळ दाखवली, तो दिवस मला आजही आठवतो. ते काही बोलले नाहीत. कळ दाबून डॉलर येतो-जातो ते तीन-चार वेळा करून पाहिलं आणि मग सगळी शीट पहिल्यापासून नव्याने बांधायला घेतली.

प्रमाणपत्रावर आवृत्ती लिहिलेली असते. ते रद्द होत नाही, पण वाचणाऱ्याला ते कधीचं आहे हे लगेच कळतं. नव्याने देणाऱ्यांनी शक्यतो ऑफिसात जी आवृत्ती वापरतात तिचाच पेपर द्यावा.

खिडकीपाशी :

मला वेगळं मत मांडायचं आहे. राग नसावा. मी गेली काही वर्षं माझ्या विभागात माणसं निवडायच्या कामात असते. अर्जावर प्रमाणपत्र दिसलं म्हणून मी कुणाला घेतलेलं नाही. मी एक फाइल देते. तीत तारखा तीन तऱ्हांनी लिहिलेल्या असतात, नावांत जादा स्पेस असतात, मधे दोन ओळी मर्ज केलेल्या, म्हणजे जोडून एक केलेल्या असतात. सांगते, ही गावानुसार लावून द्या. मर्ज केलेल्या सेलमुळे सॉर्ट अडतं, एक्सेल सरळ नकार देतं. तिथे माणूस काय करतो ते मी पाहते. प्रमाणपत्र असलेले दोघे तिथे गोंधळून बसलेले मी पाहिलेत, आणि काहीच नसलेल्या एका मुलीने पाच मिनिटांत मर्ज सोडवून, रिकाम्या जागा भरून यादी लावून दिली होती. पैसे आणि वेळ घालवण्याआधी लोकांनी याचा विचार करावा.

निळीशाई :

राग कसला, तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे. तुमची फाइल मला पहिल्या प्रयत्नाआधी मिळाली असती तर मीही अडकले असते, कारण माझ्या प्रत्येक शीटच्या डोक्यावर मर्ज केलेलं शीर्षक होतं. प्रमाणपत्राने नोकरी मिळते असं मी म्हणणार नाही. मला त्याचा उपयोग वेगळा झाला. स्वतःहून शिकताना आपण जे लागतं तेवढंच शिकतो आणि जे माहीत नाही ते शोधतही नाही, कारण ते आहे हेच ठाऊक नसतं. परीक्षेच्या घटकांची यादी समोर ठेवल्यावर पहिल्यांदा मला माझ्या माहितीतली भोकं दिसली. काउंट, काउंटए आणि काउंटब्लँक ही मोजणीची तीन वेगळी फंक्शन आहेत हे मला त्या यादीमुळे कळलं. नाहीतर उपस्थितीपटातली नावं मोजायला मी बाजूला १, २, ३ लिहीत होते.

सातवारांग :

मी एका संस्थेत हेच शिकवतो, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं लिहितो.

खिडकीपाशी म्हणतात तसे गोंधळणारे विद्यार्थी मी पाहिलेत आणि ते कसे तयार होतात हेही पाहिलंय. कुणाकडून तरी 'परीक्षेत आलेले प्रश्न' मिळवायचे आणि कुठे क्लिक करायचं त्याची साखळी पाठ करायची. हे नियमाविरुद्ध आहेच, शिवाय त्या मुलाच्या हातात काही उरत नाही. फाइल बदलली की साखळी तुटते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तीच मुलं तेवढ्याच तासांत खरं शिकू शकली असती. सराव करायचाच तर रीतसर सराव चाचण्या मिळतात. त्यातल्या जीमेट्रिक्समध्ये शिकण्याची एक पद्धत असते, तिथे अडल्यावर मदत मिळते, आणि दुसरी परीक्षेसारखी, घड्याळ लावून. पहिलीत रेंगाळावं. पुष्कळजण थेट दुसरीत शिरतात.

आता वर्डबद्दल, कारण इथे सगळे एक्सेलवरच बोलतायत. वर्डच्या असोसिएट पेपरात, म्हणजे एमओ-१०० मध्ये, लोक सर्वांत जास्त अडतात ते स्टाइल्सवर, म्हणजे शीर्षक, पोटशीर्षक यांना वर्डमध्ये लावायच्या तयार रूपांवर. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला त्यांचाच जुना अहवाल आणायला सांगतो आणि त्यात अनुक्रमणिका घालायला लावतो. जवळजवळ प्रत्येकाच्या स्क्रीनवर एकच ओळ येते : 'नो टेबल ऑफ कंटेन्ट्स एन्ट्रीज फाउंड'. शीर्षकं समोर ठळक, मोठी, निळी दिसतायत आणि वर्ड म्हणतं एकही शीर्षक सापडलं नाही. कारण वर्डला ती शीर्षकं नाहीतच, मोठ्या अक्षरातला साधा मजकूर आहे. मग प्रत्येक शीर्षकावर जाऊन त्याला शीर्षकाची स्टाइल लावायला कंट्रोल-ऑल्ट-१ दाबायचं, पोटशीर्षकावर कंट्रोल-ऑल्ट-२, आणि पुन्हा अनुक्रमणिका घालायची. पानांच्या आकड्यांसकट भरलेली यादी उभी राहते. मधे एक पान वाढवलं तर यादीवर एफ-९ दाबलं की आकडे बदलतात.

याच तासाला मी कंट्रोल-शिफ्ट-८ दाबायला लावतो. त्याने न दिसणाऱ्या खुणा दिसतात. नवं पान सुरू करायला कुणी अठरा वेळा एंटर मारलेलं असतं, कुणी तारीख उजवीकडे न्यायला चाळीस स्पेस दिलेल्या असतात. एका बाईंनी ते पाहून मला विचारलं, 'म्हणून माझं पत्र दुसऱ्या मशीनवर उघडलं की सगळं खाली सरकायचं का?' होय, म्हणूनच. पेजब्रेक, म्हणजे नवं पान सुरू करायची खूण, एकदा दिला असता तर मजकूर कितीही वाढो, पान तिथेच सुरू झालं असतं.

खिडकीपाशी :

हे अठरा एंटरचं अगदी पटलं. आमच्याकडे येणारे निम्मे अहवाल असेच असतात. सातवारांग, तुम्ही म्हणता तसं शिकून आलेलं कुणी असेल तर मला आनंदच होईल. माझा आक्षेप कागदावर होता, शिकण्यावर नव्हता.

शांतदुपार :

पहिल्यांदाच लिहितेय इथे, चुकलं तर समजून घ्या. नऊ वर्षं घरी होते, आता पुन्हा काम शोधते आहे. मुलाखतीत 'कॉम्प्युटर येतो का' विचारतात आणि 'येतो' म्हणताना आवाज बारीक होतो, कारण मी सोडलं तेव्हा जे होतं ते आता कितपत उपयोगाचं ते कळत नाही. सुरुवात कशाने करू, वर्ड की एक्सेल? सगळे पेपर द्यावे लागतात का? आणि इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, त्याची जास्त धास्ती आहे.

निळीशाई :

ताई, छान लिहिलंत, चुकलं काहीच नाही. सगळे पेपर द्यायची गरज नाही. एक पेपर पास झालात की त्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते स्वतंत्र असतं. पुढे वाटलं तर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, आउटलुक या चारांपैकी तीन असोसिएट पेपर झाले की एकत्रित असोसिएट मिळतं. त्यानंतर वर्ड, एक्सेल, अ‍ॅक्सेस यांच्या एक्स्पर्ट पेपरांपैकी दोन दिले की एकत्रित एक्स्पर्ट. पण तो पुढचा विचार.

तुमच्या जागी मी असते तर वर्डने सुरुवात केली असती. सोपं म्हणून नाही, तर पत्र आणि अर्ज तुम्ही आत्ताही लिहिताय, त्यामुळे सराव रोजच्या कामातच होईल. मग एक्सेल. लोक व्हीलुकअप आणि पिव्हट टेबलला घाबरून एक्सेलच लांबवतात. ते दोन्ही एक्स्पर्टमध्ये आहेत, असोसिएटला लागत नाहीत.

इंग्रजीचं मलाही अवघड गेलं होतं. पेपर मी इंग्रजीतच दिला. प्रश्नातलं इंग्रजी मोजकं असतं आणि तेच तेच शब्द फिरून येतात : रेंज, कॉलम, अ‍ॅप्लाय, इन्सर्ट, रिमूव्ह, एक्सेप्ट. हा शेवटचा शब्द मी एकदा सोडून वाचला आणि 'याखेरीज सगळे' असं असताना सगळेच काढून टाकले. त्यानंतर मी एक सवय लावली. प्रश्न वाचायचा, आधी क्रियापद शोधायचं, मग कुठे करायचं ते शोधायचं, शीटचं नाव आणि रकाना, आणि मगच माउसला हात लावायचा. सुरुवातीला वेळ जातो, पण चुकीच्या शीटवर केलेलं काम पुन्हा करण्यापेक्षा कमीच जातो.

आणि नापास झालात तरी एका दिवसाने, म्हणजे २४ तासांनी, पुन्हा देता येतं. मी मात्र घाई करू नका म्हणेन. मी सहा आठवडे थांबले ते माझ्या पथ्यावर पडलं.

कागदीहोडी :

माझ्याकडे लिबरऑफिस आहे, मायक्रोसॉफ्टचं नाही. त्यावर सराव करून चालेल का?

सातवारांग :

समज वाढवायला नक्की चालेल. स्टाइल्स, सूत्रं, डॉलरचं चिन्ह, सॉर्ट, फिल्टर, पेजब्रेक हे सगळं तिथेही आहे, आणि स्टाइल्सच्या बाबतीत लिबरऑफिस शिस्त चांगली लावतं. पण एमओएसचा पेपर मायक्रोसॉफ्टच्या प्रत्यक्ष सॉफ्टवेअरवर असतो, म्हणून शेवटचे दोन-तीन आठवडे तरी त्यावर हात बसलेला हवा. ५० मिनिटांत बटण शोधत बसायला वेळ नसतो. एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधून घ्यायचं नसेल तर आयसीडीएल या दुसऱ्या प्रमाणपत्राकडेही पाहा. युरोपियन कॉम्प्युटर ड्रायव्हिंग लायसन्स म्हणून जे होतं तेच. त्यात टप्प्याटप्प्याने घटक निवडता येतात.

जुनाटंकलेखक :

वाचनखूण साठवली. शांतदुपार, काही अडलं तर इथेच विचारा. निरोपात विचारू नका, म्हणजे सगळ्यांनाच उपयोग होईल.

शांतदुपार :

पंधरा दिवसांनी लिहितेय. वर्ड रोज करते. आज एक्सेलमध्ये अडले. आमच्या सोसायटीच्या वर्गणीची यादी सरावाला घेतली आहे, ती कुणीतरी वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलून चिकटवली आहे. सूत्राने येणारी बेरीज पावतीपुस्तकापेक्षा कमी येतेय. सूत्र तीनदा तपासलं, सगळ्या ओळी त्यात आहेत. काय चुकतंय?

निळीशाई :

सूत्र बरोबर असेल तर आकड्यांकडे पाहा. काही आकडे सेलच्या डावीकडे चिकटलेत का? आकडा स्वभावतः उजवीकडे बसतो, मजकूर डावीकडे. बाहेरून चिकटवलेले आकडे पुष्कळदा मजकूर म्हणूनच येतात. डोळ्यांना ते आकडे दिसतात, पण बेरजेचं सूत्र त्यांना ओलांडून जातं. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोणही दिसेल. किती आहेत ते शोधायला एक युक्ती : त्याच रकान्यावर, वरचं शीर्षक सोडून, एकदा काउंट लावा आणि एकदा काउंटए. काउंट फक्त खरे आकडे मोजतं, काउंटए रिकामं नसलेलं सगळं मोजतं. दोघांतला फरक म्हणजे तुमचे हरवलेले आकडे. मग ते निवडून बाजूला येणाऱ्या पिवळ्या खुणेच्या मेनूतून 'कन्व्हर्ट टू नंबर' करा.

शांतदुपार :

काउंट २१२, काउंटए २३०. अठरा नोंदी होत्या, सगळ्या एकाच इमारतीच्या. बदलल्या. बेरीज पावतीपुस्तकाशी जुळली.